जुन्या सायकलीचे आटे मोजताना



पेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने परवा विचारलं, "समज, दोन वर्षं काम केलं आणि गृहीतकच चुकलं, तर सगळं वाया का?" फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. खरं तर उत्तर माझ्या घराच्या व्हरांड्यात उभं आहे. काळी, अठ्ठावीस इंची, रॉडब्रेकची (म्हणजे वायरऐवजी सळईने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची) सायकल. ती जोडायला मला दीड वर्ष लागलं, आणि संशोधनपद्धतीच्या कोर्सवर्कमध्ये जे डोक्यावरून गेलं होतं ते तिने शिकवलं.

तर झालं असं. गावच्या घराच्या माळ्यावर आजोबांची सायकल सापडली. सायकल म्हणजे फ्रेम, पुढचा चिमटा, मागचं चाक आणि एक मडगार्ड. बाकी सगळं गायब. आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय: "आजोबांची सायकल सत्तेचाळीस सालची रॅले. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी घेतलेली." मी ठरवलं, मिळतील तिथून भाग जमवायचे आणि सायकल त्या काळची दिसेल आणि रस्त्यावर चालेल अशी उभी करायची.

१. 'जुनी' म्हणजे कधीची?

पहिली चूक मी इथेच करत होतो. "जुन्या पद्धतीची सायकल" हा विषय होऊ शकत नाही. तुमचे गाइड "महाराष्ट्रातील शिक्षण" हा विषय परत पाठवतात ना, तसंच. साल ठरल्याशिवाय कुठला भाग बरोबर आणि कुठला चूक हे सांगताच येत नाही.

काही उदाहरणं देतो. १९३० च्या आसपासपर्यंत सायकलीच्या चकचकीत भागांवर सहसा निकेलचा मुलामा असे, मग क्रोम रुळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये बनलेल्या सायकलींचे एरवी चमकणारे भागही काळ्या रंगात येत. म्हणजे १९४३ सालची म्हणून तुम्ही जी सायकल जोडाल तिला झगमगीत हँडल लावलंत तर ते दिसेल छान, पण चूक असेल. तीन गिअरच्या सायकलीला हँडलवर बोटाने दाबायचा ट्रिगर आला तो १९३० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी फ्रेमच्या आडव्या दांड्यावर एक खटका असे. तेव्हा १९३० च्या सायकलीवर ट्रिगर दिसला की जाणकार माणूस तिथेच थांबतो.

मी १९४७ लिहिलं आणि कामाला लागलो. घरच्यांनी सांगितलंय म्हणजे झालंच की!

२. पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही

मागच्या चाकाच्या हबवरची मळी खरवडली तर खाली अक्षरं निघाली: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू. हा नॉटिंगहॅमचा तीन गिअरचा हब १९३६ साली बाजारात आला. गिअर सगळे हबच्या पोटात. मधला गिअर म्हणजे चेनने जेवढं फिरवलं तेवढंच चाक फिरणार. खालच्या गिअरला त्याच्या पाऊणपट, वरच्याला एक आणि एकतृतीयांश पट. हब जाम होता. मोडलाय असं समजून मी टाकून देणार होतो, पण आतलं तेल वाळून डिंकासारखं झालं होतं, एवढंच. तीन दिवस रॉकेलमध्ये ठेवल्यावर तो टक-टक करत फिरायला लागला.

या हबची मोठी सोय म्हणजे कारखाना त्याच्यावर साल आणि महिना ठोकून ठेवायचा. माझ्या हबवर आकडे होते: ५४ आणि ३. म्हणजे मार्च १९५४.

आता इथे जरा थांबा आणि सांगा, यावरून काय सिद्ध झालं? सायकल १९४७ ची नाही, हे?

नाही. सिद्ध झालं ते इतकंच की हा हब मार्च १९५४ च्या आधीचा नाही. चाक बदलता येतं. तारीख हबची आहे, फ्रेमची नाही. संशोधनात ही गल्लत आपण रोज करतो. वहीत सापडलेल्या एका चिठ्ठीवर तारीख असते आणि आपण अख्ख्या वहीला ती तारीख देऊन मोकळे होतो.

मग घरातल्या बाकीच्या गोष्टी शोधल्या. एका डब्यात पितळी बिल्ला मिळाला. पूर्वी सायकलीवर नगरपालिकेचा कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून असा बिल्ला मिळे, हे तुमच्या आजी-आजोबांना विचारा. माझ्या बिल्ल्यावर १९४९-५० आहे. दुसरा एक फोटो, मागे शाईने "मे १९५१" लिहिलेला. आजोबा सायकल धरून उभे आहेत. चेनवर पूर्ण बंद कव्हर आहे आणि हँडलवर ट्रिगर कुठेच दिसत नाही.

तीन पुरावे, तीन वेगळी वाक्यं. १९४९-५० मध्ये आजोबांकडे कुठली तरी सायकल होती. १९५१ च्या फोटोतल्या सायकलीला गिअर दिसत नाहीत. आणि माळ्यावरचं मागचं चाक १९५४ किंवा त्यानंतरचं. फोटोतली सायकल आणि माळ्यावरची फ्रेम एकच आहे का? असेलही, पण तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि "असेलही" याला वहीत वेगळा रकाना हवा.

३. माझे पैसे कुठे बुडाले

आता चुकीची गोष्ट. अगदी मोकळेपणाने सांगतो, कारण तुमचे पैसे वाचावेत.

पायडलचा अ‍ॅक्सल फ्रेमच्या खालच्या नळीत दोन कपांवर आणि छर्‍यांवर फिरतो. हे कप आट्यांनी बसतात. बहुतेक ब्रिटिश सायकलींना इथे इंचाला २४ आटे असत. रॅलेने मात्र स्वतःचं वेगळं माप ठेवलं होतं: इंचाला २६. हे मी वाचलं होतं आणि त्याचा मला केवढा अभिमान! सायकल रॅलेच असल्यामुळे (असं घरात म्हणतात ना!) मी इंग्लंडहून २६ आट्यांचे जुने कप आणि अ‍ॅक्सल मागवले. तीन महिने वाट पाहिली. फेलोशिपचा महिन्याचा हप्ता निम्म्याहून जास्त तिथेच गेला.

पार्सल घेऊन ओळखीच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, तेव्हा तो डावीकडे फिरवायला सुरुवात केली. एक फेरा बसला आणि पुढे घट्ट. मी लांब पाना लावला. काकांनी माझा हात धरला. म्हणाले, "जोर लावू नका. पहिल्याच फेऱ्याला घट्ट झालं म्हणजे आटा दुसरा आहे. आत्ता जोर लावाल तर कपही जाईल आणि फ्रेमही."

त्यांनी खोक्यातून २४ आट्यांचा एक जुना कप काढला आणि नुसत्या बोटांनी आत बसवला. वीस सेकंद लागले असतील.

या आट्यांचं मोजमाप जरा फसवं आहे, हेही लक्षात घ्या. कपावरच्या आट्यांची पट्टी अर्ध्या इंचाहूनही कमी रुंद असते. एका सेंटीमीटरमध्ये २४ च्या मापाचे साधारण साडेनऊ आटे येतात आणि २६ चे सव्वादहा. फूटपट्टीने मोजायला गेलात तर एका आट्याची चूक सहज होते आणि फरकच मुळी एका आट्याहून कमी! म्हणून पिच गेज वापरायचा, किंवा माहीत असलेल्या कपाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत अडकवून उजेडाकडे धरायचे. मधून उजेड दिसला तर माप वेगळं. आपलं साधन जेवढा फरक दाखवू शकतं त्याहून बारीक फरकावर निष्कर्ष काढायचा नाही, हे संख्याशास्त्राच्या पेपरात लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. वापरलं मात्र नव्हतं.

नॉटिंगहॅमच्या रॅले रोडस्टरला इथे २६ आटे असायला हवे होते. माझ्या फ्रेमला २४ आहेत. घरातलं वाक्य तिथेच डळमळीत झालं.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. गृहीतक चुकलं म्हणून माझं काहीच वाया गेलं नाही. उलट सायकलीबद्दल एक पक्की गोष्ट कळली. वाया गेले ते तीन महिने आणि ते पैसे, कारण गृहीतक खोटं ठरवू शकणारी वीस सेकंदांची फुकट चाचणी मी सगळ्यात शेवटी केली. तुमच्या विषयात अशी चाचणी कोणती, हे पहिल्या महिन्यात शोधा. ती टाळावीशी वाटत असेल तर नक्कीच शोधा.

४. भाग जमवणं आणि चार रकाने

त्यानंतर मी एक वही केली. प्रत्येक भागापुढे चारांपैकी एकच खूण करायची:

- मूळ: आजोबांच्या सायकलीबरोबरच मिळालेला
- त्या काळचा: जुना, पण दुसऱ्या सायकलीचा
- नवा, त्याच मापाचा
- अंदाज: पुरावा नाही, मला योग्य वाटला म्हणून

फ्रेम, चिमटा, मडगार्ड, हब हे मूळ. चेनकव्हर पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं, पाच-सहा रविवार फिरल्यावर: त्या काळचं. ब्रेकच्या सळया काकांच्या पोटमाळ्यावरून: त्या काळच्या.

रिमच्या बाबतीत नीट बघावं लागतं. रॉडब्रेकचे रबर रिमच्या बाजूंना चिकटत नाहीत. ते चाकाच्या आतून, म्हणजे हबकडच्या अंगाने रिमवर दाबले जातात. त्यासाठी कडा आत गोल वळवलेली वेस्टवुड रिम लागते. सपाट बाजूंची एंड्रिक रिम कॅलिपर ब्रेकसाठी. ती लावली तर सायकल जुनी दिसेल, पण उतारावर थांबणार नाही. शिवाय जुन्या ब्रिटिश पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०, तेव्हा भोकं मोजूनच रिम घ्यायची.

टायरचा मात्र आपल्याकडे आनंद आहे. २८ × १½ हे माप इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी लोकांना शोधत बसावं लागतं. आपल्याकडे साध्या काळ्या सायकलीचं तेच माप, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. फक्त "अठ्ठावीस इंची" एवढ्या नावावर जाऊ नका. या टायरचा रिमवर बसणारा व्यास ६३५ मिलिमीटर, आणि '२८' म्हणूनच विकला जाणारा दुसरा एक टायर ६२२ चा असतो. नाव एक, माप दोन. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात खरा आकडा छापलेला असतो, तो वाचा. दोन संशोधकांनी एकच संज्ञा वापरली म्हणजे त्यांनी एकच गोष्ट मोजली असं नसतं, हे तुमच्या वाङ्मय परीक्षणाच्या प्रकरणात कामी येईल.

५. जे परत फिरवता येत नाही ते उशिरा

घरच्यांचा आग्रह होता, "फ्रेम घासून मस्त रंग मारून घे." मी नाही म्हटलं. आधी सीटखालच्या एका कोपऱ्यात, नखाएवढी जागा ओल्या बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासली. झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं उघडी झाली: वर काळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा काळा. म्हणजे ही सायकल मधे कधीतरी हिरवी होती! घरात कुणालाच आठवत नाही. सगळी फ्रेम घासली असती तर हे कधी कळलंच नसतं. जुना रंग तसाच ठेवला, वरून फक्त मेणाचा हात दिला.

क्रँकच्या कॉटरपिनचंही तसंच. सरळ हातोडी मारली तर घाव छर्‍यांवर आणि कपांवर बसतो. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू देऊन घाव जमिनीत जाऊ द्यायचा, म्हणजे आतले भाग वाचतात. घाईने केलेलं काम दुरुस्त करता येईल का, हा प्रश्न हातोडी उचलण्याआधी विचारायचा.

६. बॅजचा प्रश्न

सगळं जोडून झालं आणि खरा पेच आला. फ्रेमच्या पुढच्या नळीवर दोन भोकं आहेत, तिथला बॅज पडून गेलाय. बाबा म्हणाले, "रॅलेचा बॅज लाव. आता नवे मिळतात." मी आट्यांचं सांगितलं. ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे आजोबा आम्हाला खोटं सांगत होते?"

मला वाटतं, संशोधनात सगळ्यात अवघड जागा हीच. पुरावा माणसाच्या आठवणीला भिडतो तेव्हा आपण बोलायचं कसं? मी वही उघडून बाबांना दाखवली. म्हटलं, आजोबा काय म्हणाले हे आपल्याला त्यांच्याकडून थेट माहीतच नाही. तुम्ही लहानपणी ऐकलेलं तुम्ही मला सांगताय. आधीची एखादी रॅले असेल, १९४९-५० चा बिल्ला तिचा असेल. किंवा ही फ्रेम नंतर घेतली असेल. खोटं कुणी बोललं असं यातून निघत नाही. आणि ही फ्रेम रॅलेची आहे असंही निघत नाही.

बॅज लावला नाही. भोकं तशीच आहेत. वहीत १९४७ खोडलं आणि लिहिलं: "मार्च १९५४ नंतर ही सायकल जशी असू शकेल तशी." हबसाठी ट्रिगर लावला, त्यापुढे खूण 'त्या काळचा'. सीट नवी चामड्याची, खूण 'नवा, त्याच मापाचा'. हँडलच्या मुठी काळ्या, खूण 'अंदाज'.

बाबा दोन दिवस नीट बोलले नाहीत. गेल्या रविवारी काका आले, सायकल पाहून म्हणाले, "वा, रॅले!" मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "बहुतेक नाही. आटे चोवीस आहेत. इकडे ये, दाखवतो."

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या प्रस्तावातली दहा विधानं काढा आणि प्रत्येकापुढे त्या चार रकान्यांतली एक खूण करा. 'अंदाज' किती निघतात ते मला सांगू नका, तुमच्या गाइडना सांगा. माझे पहिल्या वेळी सहा निघाले होते.