कलम ५०४ धरणे आंदोलन

कलम ५०४ धरणे आंदोलन हे अमेरिकेतील अपंगांच्या हक्कांसाठी १९७७ साली झालेले अहिंसक आंदोलन होय. ५ एप्रिल ते ३० एप्रिल या काळात सुमारे दीडशे अपंग व्यक्ती व त्यांचे सहकारी सॅन फ्रान्सिस्को येथील केंद्र सरकारच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर ठाण मांडून बसले होते. चार वर्षांपूर्वी संमत झालेल्या एका कायद्याच्या नियमांवर मंत्र्यांनी सही करावी, एवढीच त्यांची मागणी होती. केंद्रीय सरकारी इमारतीत झालेले अमेरिकेतील सर्वांत दीर्घ अहिंसक धरणे म्हणून याचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

१९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या शेवटी कलम ५०४ आले. केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून पात्र व्यक्तीला केवळ तिच्या अपंगत्वामुळे वगळता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील वंशभेदविरोधी तरतुदीच्या धर्तीवर ते लिहिलेले होते. त्यावर संसदेत फारशी चर्चा झाली नाही. भेदभाव कशाला म्हणावे, शाळांनी व रुग्णालयांनी नेमके काय करावे, हे सांगणारे नियम होईपर्यंत मात्र ते कलम कागदावरच राहणार होते. आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने नियमांचा मसुदा तयार केला, पण त्यावर सही होईना. न्यायालयाने १९७६ मध्ये नियम काढण्याचा आदेश देऊनही तेव्हाचे मंत्री डेव्हिड मॅथ्यूज सही न करताच पायउतार झाले. जानेवारी १९७७ मध्ये आलेले नवे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी मसुद्याचा फेरविचार सुरू केला. या फेरविचारात नियम पातळ केले जातील, अशी अपंगांच्या संघटनांची रास्त भीती होती. कर्णबधिर असलेले फ्रँक बोव यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय आघाडीने मुदत घातली आणि ती उलटताच ५ एप्रिल रोजी खात्याच्या वॉशिंग्टनमधील मुख्यालयात व विविध शहरांतील प्रादेशिक कार्यालयांत एकाच दिवशी निदर्शने झाली.

सॅन फ्रान्सिस्कोतील धरणे

इतर ठिकाणची धरणी लवकरच संपली. वॉशिंग्टनमध्ये अन्न आत जाऊ न दिल्याने आंदोलकांना सुमारे अठ्ठावीस तासांत बाहेर पडावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोत तसे घडले नाही. याचे श्रेय मुख्यतः आधी केलेल्या तयारीला द्यावे लागते. स्नायूंच्या क्षयाचा विकार असलेल्या किटी कोन या मुरलेल्या राजकीय संघटक होत्या. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगार संघटना, चर्च आणि नागरी हक्कांच्या चळवळींशी आधीच संधान बांधले होते. यंत्र कामगारांच्या संघटनेने मदत केली. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते रोज गरम जेवण घेऊन येत. त्याच पक्षाचे ब्रॅड लोमॅक्स स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते व आंदोलनात आत बसलेले होते. त्यांची शुश्रूषा करणारे चक जॅक्सन आत इतरांचीही देखभाल करीत.

आत राहणे सोपे नव्हते. अनेकांना रात्री कूस बदलण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागे आणि कूस न बदलल्यास शय्याव्रणांचा धोका असे. नेहमीचे मदतनीस व साधने जवळ नसतानाही ही माणसे राहिली. थंड ठेवावयाच्या औषधांसाठी वातानुकूलन यंत्रावर खोके चिकटवून शीतपेटी बनविण्यात आली. दूरध्वनी तोडल्यावर कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत रस्त्यावरील समर्थकांना निरोप दिले. ज्या गोष्टीला जग उणीव समजत होते, ती येथे संपर्काचे साधन ठरली. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी अंथरुणे व आंघोळीसाठी नळाचे फवारे पाठविले. जेवण, औषधोपचार, प्रसिद्धी यांसाठी समित्या होत्या. मोठे निर्णय सर्वांच्या बैठकीत होत व खुणांच्या भाषेचे दुभाषे त्यांत असत, त्यामुळे बैठका लांबत.

ज्युडी ह्यूमन

आंदोलनाचा सर्वांत परिचित आवाज ज्युडी ह्यूमन (१९४७–२०२३) यांचा होता. दीड वर्षाच्या असताना त्यांना पोलिओ झाला. पाच वर्षांच्या वयात शाळेने, त्या चाकाच्या खुर्चीमुळे आगीच्या वेळी धोका ठरतील, असे सांगून प्रवेश नाकारला. पुढे त्यांना शिक्षिका व्हावयाचे होते. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने वैद्यकीय कारण पुढे करून परवाना नाकारला, तेव्हा १९७० मध्ये त्यांनी मंडळाविरुद्ध दावा लावून परवाना मिळविला आणि चाकाच्या खुर्चीवरून शिकविणाऱ्या त्या शहरातील पहिल्या शिक्षिका झाल्या. १९७७ मध्ये त्या बर्कली येथील स्वतंत्र जीवन केंद्रात काम करीत होत्या.

१५ एप्रिल रोजी फिलिप बर्टन व जॉर्ज मिलर या संसद सदस्यांनी त्याच इमारतीत सुनावणी घेतली. खात्याचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या अधिकाऱ्याने विचाराधीन बदल मांडले. त्यांपैकी काहींतून अपंग मुलांसाठी ‘वेगळ्या पण समान’ शाळांचा मार्ग मोकळा होत होता. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेलाच हा विचार होता. ह्यूमन यांनी भरल्या गळ्याने या भेदभावाचा निषेध केला आणि आपण काय बोलतो ते समजत नसताना सहमतीची मान हलवू नका, असे त्या अधिकाऱ्यास सुनावले.

वॉशिंग्टन आणि सही

त्यानंतर काही आंदोलक वॉशिंग्टनला गेले. तेथे चाकाच्या खुर्च्यांसह प्रवास करता येईल असे वाहन नसल्याने यंत्र कामगार संघटनेने त्यांना बंदिस्त मालमोटारीतून नेले. कॅलिफानो यांच्या घराबाहेर त्यांनी मेणबत्त्या घेऊन जागर केला. अखेर २८ एप्रिल रोजी कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली. आंदोलकांना धास्ती होती ते मोठे बदल त्यांत नव्हते. दोन दिवसांनी उरलेले लोक गाणी गात इमारतीबाहेर आले.

परिणाम

या नियमांची मर्यादाही स्पष्ट होती. सरकारी साहाय्य न घेणारी दुकाने, उपाहारगृहे, खाजगी कार्यालये त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. ती उणीव २६ जुलै १९९० रोजी संमत झालेल्या अमेरिकन अपंग व्यक्ती कायद्याने भरून काढली. २०२० च्या ‘क्रिप कँप’ या माहितीपटामुळे धरण्याची कथा नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली आणि ह्यूमन यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९८४ मध्ये निधन पावलेल्या लोमॅक्स यांचे व इमारतीत जेवण पोहोचविणाऱ्यांचे काम मात्र त्यापूर्वीच्या अनेक वृत्तांतांत जेमतेम एका ओळीत आटोपलेले आढळते.