विश्लेषण : ‘सेव्ह’चे बटण नसलेल्या सिंथेसायझरवरचा आवाज लिहून कसा ठेवायचा?

गाणे कागदावर उतरवण्यासाठी स्वतःची स्वरलिपी तयार करणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मले. ऐकलेले पुन्हा तसेच वाजवता यावे, यासाठी नेमके काय लिहायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आज मॉड्युलर सिंथेसायझर वाजवणाऱ्यांनाही पडतो.

पॅच म्हणजे काय?

या यंत्रात सुटे कप्पे असतात. ऑसिलेटर आवाज काढतो, फिल्टर तो गाळतो, एन्व्हलप त्याचा चढउतार ठरवतो. केबल लावून केलेली त्यांची जोडणी आणि नॉबच्या जागा मिळून ‘पॅच’ होतो. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरने आवाज यंत्रातच साठवण्याची सोय आणली. मॉड्युलरमध्ये केबल उपटली की रात्रभराची मेहनत गेली.

अहमदाबादच्या ‘एनआयडी’मध्ये १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. त्यावर गीता साराभाईंसह काही भारतीय संगीतकारांनी काम केले. त्या काळातल्या ध्वनिफितींचा संग्रह २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाज आज ऐकता येतो, पण कोणती केबल कुठे होती, हे फीत सांगत नाही.

मोबाइलवर फोटो काढला की झाले?

अर्धेच काम होते. केबलच्या गुंत्यामागे नॉब लपतात, तिरक्या फोटोत खुणेची रेषा भलतीकडे दिसते. त्यामुळे आधी जोडण्या लिहाव्यात : कोणत्या आउटपुटमधून कोणत्या इनपुटमध्ये. ब्रिटनच्या ‘ईएमएस’ने १९६९ मध्येच हे सोपे केले होते. त्यांच्या व्हीसीएस-३ वर केबलऐवजी १६ बाय १६ छिद्रांची पाटी होती. पिन कुठे लावली, हे एक अक्षर आणि एक आकडा लिहिला की कळे.

नॉबसाठी घड्याळाची भाषा रूढ आहे : ‘फिल्टर दोन वाजता’. फिल्टरला ती पुरते, सुराला नाही. (इथे माझ्यातला इंजिनीअर जागा होतो.) समजा, ऑसिलेटरचा नॉब ३०० अंशांत पाच सप्तके फिरतो. म्हणजे ६० स्वरस्थाने, एकेकाला जेमतेम ५ अंश. घड्याळातला एक तास ३० अंशांचा. एका तासाची चूक झाली, तर सा च्या जागी थेट तीव्र मध्यम! म्हणून नॉबची जागा नव्हे, ट्यूनरवर दिसणारा स्वर लिहावा.

किती बारीक लिहायचे?

पलुस्करांच्या लिपीत अर्ध्या, पाव मात्रेलाही वेगळे चिन्ह होते. ती नेमकी होती. पण पुढे भातखंडे यांची सुटसुटीत लिपी अधिक रुळली. पॅचचेही तेच होते. चाळीस रकान्यांचा तक्ता दोनदा भरला जातो, तिसऱ्यांदा कंटाळा येतो. माझ्या मते जोडण्या, मूळ स्वर आणि आवाज बदलणारे चार-पाच नॉब एवढे पुरे. सोबत अर्ध्या मिनिटाचे रेकॉर्डिंग हवेच, कारण पुन्हा जुळवताना शेवटी कानच लागतो.

हात न लावता सराव करायचा असेल, तर ‘व्हीसीव्ही रॅक’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर मॉड्युलर उभे करते. तिथे पॅच सेव्ह होतो.

खऱ्या यंत्रावर मात्र अॅनालॉग ऑसिलेटर तापमानानुसार सरकतात. कालचा पॅच लावण्याआधी यंत्र थोडा वेळ तापू द्यावे आणि तंबोऱ्यासारखा आधी सूर लावून घ्यावा. फोटो, टिपण आणि रेकॉर्डिंग यांना एकाच तारखेचे नाव द्यायला विसरू नका. महिन्याभराने फोनमध्ये सगळ्या केबल सारख्याच दिसतात.