कॉर्नरबॅकची पारख

आपल्या मंडळातील अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. एप्रिलअखेरीस त्यांच्याशी बोलताना ‘ड्राफ्ट’ हा शब्द हमखास कानी पडतो. तो काय प्रकार आहे, हे एका खेळाडूच्या उदाहरणाने आम्ही येथे सांगत आहोत.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ आहेत. ड्राफ्टच्या 7 फेऱ्यांत ते महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. आयपीएलसारखी बोली नसते. मागील हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. जो आधी निवडला जातो, त्याला पैसाही अधिक मिळतो.

कॉर्नरबॅक हा बचावातला गडी. प्रतिस्पर्ध्याचा पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला त्याने रोखायचे असते. रिसीव्हरला आपली वाट ठाऊक असते, याला नसते. म्हणून तो आधी उलट्या पावली धावतो आणि क्षणात कंबर वळवून पाठलाग करतो.

ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिस येथे होणाऱ्या चाचणीत 40 यार्ड, म्हणजे सुमारे 36.6 मीटर, सरळ धावण्याची वेळ मोजतात. वेग हवाच, पण वळण्यातली चपळाई त्या आकड्यात दिसत नाही. अडवलेल्या पासांची संख्याही फसवी असते. उत्तम कॉर्नरबॅकच्या दिशेने प्रतिस्पर्धी पास टाकायचेच टाळतात! त्यामुळे पारखी मंडळी सामन्यांची चित्रफीत पुन्हापुन्हा पाहतात. गडी हात कसे वापरतो, हेही तपासतात. पास झेलू पाहणाऱ्याला नियमबाह्य अडवल्यास महाविद्यालयीन खेळात जास्तीत जास्त 15 यार्डांचा दंड होतो. एनएफएलमध्ये मात्र चूक जिथे झाली, तिथे चेंडू नेऊन ठेवतात. एक वाईट सवय संघाला 40 यार्डांना पडू शकते.

आता उदाहरण रिचर्ड शर्मनचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात तो आधी रिसीव्हर होता. गुडघ्याच्या दुखापतीनंतर तो कॉर्नरबॅक झाला. अनुभव थोडा, पण उंची 6 फूट 3 इंच आणि हात लांब. 2011 च्या ड्राफ्टमध्ये पॅट्रिक पीटरसन हा कॉर्नरबॅक पाचव्या क्रमांकावर गेला आणि त्याने पुढे नावही काढले. शर्मनला सिअ‍ॅटल सीहॉक्सने पाचव्या फेरीत घेतले, तेव्हा क्रमांक होता 154.

2013 च्या हंगामात शर्मनने 8 पास मधल्यामध्ये पकडले, लीगमध्ये सर्वाधिक. जानेवारी 2014 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या निर्णायक क्षणी त्याने उडी मारून चेंडू बोटांनी ढकलला आणि तो सहकाऱ्याच्या हाती विसावला. सिअ‍ॅटलने पुढे डेन्व्हरला 43–8 असे हरवून सुपर बोल जिंकला.

153 निवडी होईपर्यंत शर्मनला कोणी घेतले नव्हते. सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक पीट कॅरल यांना उंच, लांब हातांचे कॉर्नरबॅक हवे होते, म्हणून त्याला संधी मिळाली. आपल्याला कोणत्या पद्धतीने खेळायचे आहे हे ज्या संघाला पक्के ठाऊक असते, त्यालाच मागे राहिलेला असा गडी सापडतो.

पुढच्या वेळी सामना पाहाल, तेव्हा थोडा वेळ चेंडू सोडून कॉर्नरबॅकच्या पायांकडे पाहा. खेळ अधिक कळेल.