ठेका धरणारा टॉमी रमोन

मैफलींत श्रोत्यांची दृष्टि गायकावर खिळलेली असते; एखाद्या चमकदार जागेनंतर ती फार तर क्षणभर तबलजीकडे वळते. परंतु जो साथीदार आरंभापासून अखेरपर्यंत केवळ शुद्ध ठेका धरतो, हातचें कसब दाखविण्याचा मोह आवरतो आणि लय तसूभरहि ढळूं देत नाहीं, त्याची आठवण मैफल उठल्यावर क्वचितच कोणी काढतो. पाश्चात्त्य संगीतांत 'पंक रॉक' नांवाचा जो प्रकार १९७४ ते १९७६ या काळांत न्यूयॉर्क शहरीं आकारास आला, त्याच्या मुळाशीं असाच एक ठेका धरणारा मनुष्य होता. त्याचें नांव टॉमी रमोन. पंक संगीत म्हणजे ज्यांना वाजवितां येत नाहीं अशा तरुणांचा गोंगाट, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हें टॉमीच्या चरित्रावरून कळून येतें.

टॉमीचें मूळ नांव तमाश एर्देयी. त्याचा जन्म २९ जानेवारी १९४९ रोजीं हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथें झाला. आईबाप ज्यू असून छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. दुसऱ्या महायुद्धांत ज्यूंचा जो भीषण संहार झाला, त्यांत त्यांचे कित्येक आप्त बळी पडले. शेजाऱ्यांनीं लपवून ठेवल्यामुळें हें जोडपें वाचलें. १९५६ सालच्या हंगेरींतील उठावानंतर, १९५७ सालीं, हें कुटुंब अमेरिकेस गेलें व पुढें न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागांतील फॉरेस्ट हिल्स या वस्तींत राहूं लागलें. तेथें शाळेंत असतांना जॉन कमिंग्ज या मित्राच्या साथीनें टॉमी 'टँजरीन पपेट्स' नांवाच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवीत असे. शाळा सुटल्यावर तो 'रेकॉर्ड प्लँट' या ध्वनिमुद्रणगृहांत साहाय्यक तंत्रज्ञ झाला. जिमी हेंड्रिक्सच्या 'बँड ऑफ जिप्सीज' (१९७०) या तबकडीच्या कामांत त्याचा हात होता. म्हणजे त्या काळच्या सर्वश्रेष्ठ गिटारवादकाची करामत त्यानें अगदीं जवळून पाहिली होती. पुढें त्यानें जो साधेपणा पत्करला, तो अज्ञानांतून आलेला नव्हता.

त्या वेळीं रॉक संगीताची स्थिति काय होती, हें येथें सांगितलें पाहिजे. १९५० नंतरच्या दशकांत हें संगीत दोन-अडीच मिनिटांच्या सुटसुटीत गाण्यांचें होतें. पुढील वीस वर्षांत त्याचा विस्तार होत गेला. एकेक रचना तबकडीची संपूर्ण बाजू व्यापूं लागली; 'लेड झेपेलिन'सारख्या मंडळींच्या मैफलींत एकट्या ड्रमवादकाचें वादनच कित्येकदां पाव तासाहून अधिक चाले. या वादकांचें कौशल्य निर्विवाद होतें. परंतु तें पाहून दिपून गेलेल्या सामान्य मुलाला, आपणहि एखादें वाद्य हातीं धरावें, असें वाटण्याचें कारण उरलें नाहीं.

१९७४ सालीं जॉन कमिंग्ज, डग्लस कोल्व्हिन व जेफ्री हायमन या फॉरेस्ट हिल्सच्याच तिघां तरुणांनीं एक वृंद काढला. टॉमी त्यांचा सल्लागार व व्यवस्थापक होता. प्रथम हायमन ड्रम वाजवी. पण त्याचा आवाज गायनास अधिक योग्य आहे असें ठरल्यावर ड्रमसाठीं नव्या माणसाचा शोध सुरू झाला. जो येई तो प्रचलित रीतीप्रमाणें भरणा करी, फिरकी घेई, जोर दाखवी. हवें होतें तें साधें वाजविणें कोणालाच जमेना. तेव्हां काय हवें आहे तें दाखविण्यासाठीं टॉमी स्वतः ड्रमपुढें बसला, आणि तेथेंच राहिला. तोंपर्यंत तो ड्रमवादक नव्हताच! या चौघांनीं 'रमोन' हें एकच आडनांव धारण केलें. त्याचा उगम बीटल्सपैकीं पॉल मॅकार्टनी यानें उमेदवारीच्या काळांत घेतलेल्या 'पॉल रमोन' या टोपणनांवांत आहे.

टॉमीच्या ठेक्याची घडण समजावयास कठीण नाहीं. चार मात्रांचें आवर्तन; पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर पायानें वाजविण्याच्या मोठ्या ड्रमचा आघात, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर 'स्नेअर' या कडक आवाजाच्या ड्रमचा. प्रत्येक मात्रेचे दोन भाग करून उजव्या हातानें झांजांच्या जोडीवर सारखे आठ आघात. कित्येक गाण्यांची गति मिनिटास दीडशेंहून अधिक मात्रांची असे. म्हणजे एकट्या उजव्या हाताला मिनिटास तीनशेंहून अधिक आघात करावे लागत, आणि तेहि गाणें संपेपर्यंत विसाव्यावांचून. मध्यें तुकडा नाहीं, स्वतंत्र वादन नाहीं. गिटारवर जॉनहि केवळ खालच्या दिशेनें आघात करी. कोल्व्हिन चार आंकडे मोजी, सर्व एकदम सुटत, आणि दोन मिनिटांत गाणें समाप्त. ज्यांनीं हें करून पाहिलें आहे त्यांस ठाऊक असेल कीं, अलंकार घालण्यापेक्षां अलंकाराशिवाय लय टिकविणें अधिक अवघड असतें. कारण चुकी झांकावयास आडोसाच राहत नाहीं.

या मंडळींस आश्रय मिळाला तो मॅनहटनमधील बावरी या दरिद्री वस्तींतील 'सीबीजीबी' नावाच्या मद्यगृहांत. हिली क्रिस्टल यानें तें डिसेंबर १९७३ मध्यें उघडलें होतें. कंट्री, ब्लूग्रास व ब्लूज या ग्रामीण अमेरिकन गायनप्रकारांच्या आद्याक्षरांवरून त्यानें हें नांव ठेवलें. पण तेथें येऊन थडकले ते रमोन्स, पॅटी स्मिथ आणि टेलिव्हिजन. रमोन्स तेथें प्रथम वाजले १६ ऑगस्ट १९७४ रोजीं. 'पंक' हा शब्द मूळचा शिवीवजा. टवाळ, कुचकामी पोरगा असा त्याचा अर्थ. अमेरिकन समीक्षकांनीं १९७० नंतर लवकरच तो आधींच्या दशकांतील हौशी वृंदांस लावला होता. जानेवारी १९७६ मध्यें न्यूयॉर्कमध्यें त्याच नांवाचें मासिक निघालें आणि शिवीचें बिरुद झालें.

त्याच वर्षीं २३ एप्रिलला रमोन्सची पहिली तबकडी प्रसिद्ध झाली. चौदा गाणीं, अवघीं एकोणतीस मिनिटें, आणि खर्च सुमारें ६,४०० डॉलर! खप बेताचाच झाला. परंतु ४ जुलै १९७६ रोजीं, अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या दिवशीं, हे चौघे लंडनच्या राउंडहाउस रंगमंदिरांत वाजले. पंकचा जन्म न्यूयॉर्कचा कीं लंडनचा, हा वाद जुना आहे. लंडनमध्यें 'सेक्स पिस्टल्स' नोव्हेंबर १९७५ पासून जाहीरपणें वाजवीत होते. त्याहीपूर्वीं मिशिगन प्रांतांत 'स्टूजेस' व न्यूयॉर्कमध्यें 'न्यूयॉर्क डॉल्स' यांनीं वाट पाडून ठेवली होती. तेव्हां एकाच्याच नांवें सातबारा लिहितां येणार नाहीं. तथापि या प्रकाराची जी ठरीव लय पुढें जगभर पसरली, ती मात्र टॉमीच्या हातची, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दौऱ्यांची दगदग न सोसून १९७८ सालीं टॉमीनें ड्रम सोडले व मार्क बेल यास जागा दिली. 'रोड टू रुइन' ही त्या वर्षींची तबकडी मात्र त्यानेंच निर्मितीची बाजू सांभाळून पुरी केली. २,२६३ कार्यक्रम करून १९९६ मध्यें वृंद विसर्जित झाला. कीर्ति मोठी झाली, पण लक्ष्मी त्या मानानें रुसलेलीच राहिली. २००१, २००२ व २००४ या वर्षीं अनुक्रमें जोई, डीडी व जॉनी निवर्तले. टॉमी उतारवयांत मँडोलिन घेऊन 'अंकल मंक' या नांवानें ब्लूग्रास गात असे. क्रिस्टलला आपल्या मद्यगृहांत जें हवें होतें, तेंच! पहिल्या तबकडीचा खप पांच लाखांवर गेल्याचें प्रमाणपत्र २०१४ च्या एप्रिलमध्यें, म्हणजे अडतीस वर्षांनीं, मिळालें. तें पाहावयास चौघांपैकीं टॉमी एकटाच उरला होता. ११ जुलै २०१४ रोजीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, कर्करोगानें तोहि गेला.

हें संगीत कर्कश वाटून पुष्कळ जण पहिल्या अर्ध्या मिनिटांतच कान मिटतात. त्यांनीं एकवार गायकाकडे व गिटारकडे दुर्लक्ष करून, बोटांवर मात्रा मोजीत, केवळ झांजेकडे लक्ष द्यावें. आवडनिवड ज्याची त्याला. पण त्या गोंगाटाच्या आंत एक मनुष्य किती चोख हिशेब ठेवीत बसला आहे, हें दोन मिनिटांत ध्यानीं येईल.