घाट जुना, डाग नवा

"आमच्या पणजीची बोरमाळ, शंभर वर्षांची तरी असेल!" आष्ट्यात सराफाच्या गादीवर हे वाक्य सहज कानावर पडतं. बहुतेकदा शंभर वर्षांचा असतो तो घाट, डाग नव्हे. आपल्याकडे दागिना मोडून नवा करण्याची रीतच आहे, आणि जिल्ह्यातल्याच विटा-आटपाडी भागातले गलाईवाले देशभरच्या सराफपेठांत सोनं आटवून शुद्ध करत बसलेत. आजीची माळ मुशीत जाते, नातीसाठी तशीच नवी होऊन येते. ठुशी, चिंचपेटी, कोल्हापुरी साज आजही जुन्याच घाटात घडतात, त्यामुळे नुसत्या नक्षीवरून वय सांगणं धाडसाचं. दुकानातल्या 'अँटिक' हाराचं तर बोलायलाच नको. तो काळपट पॉलिश दिलेला नवाकोरा माल असतो.

जुनं सोनं बावनकशीच, हा समज सगळ्यांत महागात पडतो. टिकाऊपणासाठी तांबं-चांदी मिसळायचे, सांध्याला डाक लागायचा, तो हलक्या कसाचा. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते, म्हणजे काट्यावर दिसतं ते सगळं सोनं नव्हेच. शिवाय जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणामुळे १४ कॅरेटपेक्षा चढ्या कसाचे दागिने घडवायला बंदी आली. ती १९६६ पर्यंत राहिली. त्या वर्षांत नियमाप्रमाणे घडलेल्या डागात सोनं जेमतेम ५८ टक्के. आजच्या २२ कॅरेटमध्ये ते ९१.६ टक्के असतं.

पुतळ्यांच्या माळेची गोष्ट मात्र उलटी. तिथं शुद्धतेचा लौकिक खरा, पण मूळ नाणं आपलं नाही. अस्सल पुतळी म्हणजे व्हेनिसचं डकॅट, वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ शंभर नंबरी. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, आहे. आपल्या लोकांनी त्यात आपले देव पाहिले. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं, तरी आपल्याकडच्या सोनारांनी पुतळ्या पाडणं थांबवलं नाही. माळेत पुतळी दिसली की ती व्हेनिसचीच, असं म्हणून चालत नाही.

नथ अनादि काळापासूनची, हेही खरं नाही. कार्ल्याच्या लेण्यातल्या दंपतींच्या कानांत, हातापायांत भरघोस दागिने आहेत, नाक मात्र मोकळं. नथ आली मध्ययुगात. आणि आजीच्या नथीतला मोती बसराच, म्हणजे नैसर्गिकच, असंही धरू नये. जपानी कल्चर मोती १९२० च्या दशकापासून जगभर विकले जात होते. दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही, खात्रीसाठी एक्स-रे तपासणी लागते.

हॉलमार्क नाही म्हणजे सोनं खोटं, अशी धास्तीही नको. सोन्याचं हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झालं, सराफांच्या विक्रीवर ते टप्प्याटप्प्यानं सक्तीचं होऊ लागलं जून २०२१ पासून. घरातला बिनछापाचा डाग बाळगायला किंवा सराफाला विकायला आडकाठी नाही. खरोखरच शंभरी ओलांडलेला कलाकुसरीचा डाग परदेशातल्या लेकीला पाठवायचा असेल, तर मात्र १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो.