कुर्ल्याची कुर्ली आणि परिसंस्था

मुंबई उपनगरातील कुर्ला हे नाव 'कुर्ली' म्हणजे खेकडा या शब्दावरून पडले, असे सांगतात. व्युत्पत्तीचा वाद बाजूस ठेवला, तरी परिस्थितिविज्ञानातील काही संज्ञा समजावून घेण्यास हा प्राणी फार सोयीचा आहे.

पाठ्यपुस्तकातील अन्नसाखळी बहुधा गवत, नाकतोडा, बेडूक, साप अशी चालते. खाडीकाठच्या तिवरांत मात्र बहुतेक पाने झाडावर असताना खाल्ली न जाता चिखलात गळतात. जिवाणू व बुरशी त्यांचे विघटन करतात. कुजणाऱ्या पानांवर खेकडे पोसतात आणि खेकड्यांवर बगळे. तिवर हा उत्पादक, जिवाणू विघटक, खेकडा व बगळा भक्षक. शिवाय खेकड्याच्या बिळांतून चिखलात हवा खेळते व तिचा लाभ पुन्हा तिवरालाच मिळतो. सजीव व निर्जीव घटकांच्या अशा देवघेवीला परिसंस्था म्हणतात. टॅन्स्ली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली ही संज्ञा मांडली.

विहार व पवई तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन मिठी नदी कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीस मिळते. भरावामुळे तिचे पात्र अरुंद झाले, तिवरांची जागाही घटली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच भरती आली आणि नदीचे पाणी कुर्ल्यातील घरांत शिरले. अधिवास आक्रसला, की त्याची झळ केवळ खेकड्यालाच लागत नाही.

शिक्षकांनी ओहोटीच्या वेळी विद्यार्थ्यांना खाडीकाठी न्यावे व एका चौरस मीटरमधील बिळे मोजून घ्यावीत. त्यातून 'घनता' या संज्ञेचा पाठ आपोआप होतो.