वर्तमानपत्राचं कव्हर काढून बघूया



आमच्या बचत गटाच्या बैठकीला दर महिन्याला पुस्तकांची पेटी येते. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की पेटी उघडते. मागच्या पावसाळ्यात आमच्या लक्षात आलं, की एक ताई नेते ती प्रत्येक कादंबरी वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच परत येते. आम्हाला वाटलं, जपून वापरते. विचारलं तेव्हा म्हणाली, "अहो, वरच्या चित्रात बाई आणि पुरुष जवळ उभे असतात. सासूबाई म्हणतात, असली पुस्तकं घरात नकोत. आता वाचायचंच सोडावं म्हणते."

म्हणजे आतलं एक पानही न उलगडता पुस्तकाचा निकाल लागला होता. मग आम्ही ठरवलं, चित्रावरून निकाल लावायचाच असेल, तर आधी चित्र नीट बघायला शिकू. पुढच्या बैठकीत पेटीतल्या सगळ्या प्रेमकथा सतरंजीवर मांडल्या आणि चार गोष्टी बघितल्या. तुम्हीही घरी बघा.

पहिली गोष्ट, पुस्तक पाच-सहा फुटांवर ठेवा. मुखपृष्ठ असतं ते स्टॉलसमोरून जाणाऱ्या माणसासाठी. नाव वाचता येतं का? नजर आधी कुठे थांबते? सगळीकडेच फुलं, चंद्र आणि सोनेरी अक्षरं असली, की नजर कुठेच थांबत नाही.

दुसरी गोष्ट, डोळे आणि हात. ती त्याच्याकडे बघते, की फक्त तिलाच सगळे बघतात? त्याने हात हातात घेतलाय, की मनगट आवळलंय? दोघं जवळ असणं वाईट नाही. त्या जवळ असण्यात तिची मर्जी दिसते का, हा खरा प्रश्न.

तिसरी गोष्ट, रंग. इथे दोन चित्रकारांची आठवण काढायला हवी. दीनानाथ दलाल १९१६ साली जन्मले आणि रघुवीर मुळगावकर १९१८ साली. दोघेही मूळचे गोव्याचे. मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची कितीतरी मुखपृष्ठं या दोघांनी रंगवली. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हा स्वतःचा अंकही सुरू केला. त्या काळी प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा करावा लागे, आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून जाई. रंग वाढला की खर्च वाढे. म्हणून दोन-तीन रंगांत काम भागवायचं, आणि कोरा कागदसुद्धा रंगासारखा वापरायचा. आपण उरलेल्या कापडातून गोधडी जुळवतो, तसंच हे कसब. आज संगणकावर हवे तितके रंग मिळतात, पण कुठे थांबायचं ते माणसालाच ठरवावं लागतं.

चौथी गोष्ट पुस्तक वाचून झाल्यावर बघायची. चित्राने शब्द पाळला का? आमच्या पेटीतल्या एका कादंबरीची नायिका सावळी, शाळेत शिकवणारी. चित्रात मात्र गोरीपान, दागिन्यांनी मढलेली. त्या दिवशी सगळ्यात जास्त बोलणं झालं ते यावरच. प्रेम काय फक्त गोऱ्या बाईच्या वाट्याला येतं?

हे सगळं चालू असताना त्या ताईच्या सासूबाई हप्ता भरायला आल्या आणि दारातच थांबल्या. आम्ही त्यांना बसवलं आणि मुळगावकरांचं सांगितलं. घरोघरी भिंतीवर लागलेल्या कॅलेंडरांतले देव त्यांनी रंगवले, आणि कथा-कादंबऱ्यांवरच्या नायिकाही त्याच हाताने. सासूबाईंनी एक पुस्तक उचललं, डोळ्यांजवळ नेलं. म्हणाल्या, "ह्याचं काही खरं नाही दिसत. पण पोरगी शहाणी वाटतेय."

त्यांचं मन पुरतं वळलं, असं आम्ही म्हणणार नाही. पण ताई आता दोन पुस्तकं नेते, आणि कव्हर न घालता. आणि मैत्रिणींनो, चित्र वाईट निघालं म्हणून बाईने वाचू नये, असंही नाही. चित्राला नावं ठेवावीत आणि पुस्तक वाचावं.

आज एक काम करा. घरातलं एखादं पुस्तक घ्या आणि सुरुवातीच्या पानांत मुखपृष्ठ कोणाचं आहे ते शोधा. लेखकाचं नाव आपल्या लक्षात राहतं, तसं चित्र काढणाऱ्याचंही राहू द्या.